विश्लेषण : पाऊस एवढा पडतो, मग विहीर कोरडी का? जव्हार-मोखाड्यात विज्ञान ‘करून’ शिकणे म्हणजे काय?

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे उजाडला की अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. या विरोधाभासाचे उत्तर पाचवीतल्या मुलाला चार ओळींत पाठ करायला देता येते किंवा ते त्यालाच शोधायला लावता येते. या दोन वाटांमध्ये नेमका फरक काय, दुसरी वाट कायद्यानेही मान्य केलेली असताना वर्गात ती क्वचितच का दिसते, आणि या दोन तालुक्यांत तिच्या आड काय येते?

‘कृती’ आणि ‘शोध’ यांत फरक काय?

प्राथमिक शाळेत विज्ञान ‘कृतीतून’ शिकवावे, याला आता कोणी विरोध करत नाही. तिसरी ते पाचवीच्या ‘परिसर अभ्यास’ या पुस्तकांत आणि सहावीपासूनच्या ‘सामान्य विज्ञान’मध्ये ‘करून पहा’ अशा चौकटी भरपूर आहेत. अडचण अशी की बहुतेक चौकटींच्या खालीच निष्कर्ष छापलेला असतो. मूल तो आधी वाचते आणि मग प्रयोग करते, किंवा करतच नाही. उत्तर ठाऊक असलेला प्रयोग हे प्रात्यक्षिक असते. त्याचा उपयोग नाही असे नाही, पण तो शोध नव्हे.

शोधून शिकण्यात क्रम उलटा असतो. आधी प्रश्न येतो. मग प्रत्येकाचा अंदाज, तोही कारणासह. त्यानंतर तो अंदाज खरा की खोटा हे ठरवणारी कसोटी, मोजमाप, नोंद आणि शेवटी वाद. यातला ‘अंदाज’ फार महत्त्वाचा. आपण काय होईल म्हटले होते हे वहीत लिहिलेले असेल, तरच निकाल वेगळा आल्यावर मूल थबकते. अंदाजाविना केलेला प्रयोग म्हणजे जादूचा खेळ. खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून फसफसणारा थर्माकोलचा ज्वालामुखी हे विज्ञान प्रदर्शनांचे लाडके उदाहरण. टाळ्या भरपूर मिळतात, पण ज्वालामुखी कसा होतो याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

एक पाठ प्रत्यक्षात कसा दिसतो?

पावसाचेच उदाहरण घेऊ. ‘आज किती पाऊस पडला?’ हा प्रश्न जुलै महिन्यात जव्हारच्या कोणत्याही शाळेत विचारता येतो. ‘खूप’ या उत्तरापासून सुरुवात होते. खूप म्हणजे किती, हे सांगायचे तर मोजावे लागते, आणि मोजायला पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली पुरते. तिचा वरचा निमुळता भाग कापून तो उरलेल्या बाटलीत नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करायची. बाजूला पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. तो झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब, मोकळ्यावर ठेवायचा आणि रोज ठरलेल्या वेळी पाहायचा. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतो. शाळेलाही तीच वेळ धरता येते.

इथपर्यंत झाली ती कृती. शोध सुरू होतो तो दुसऱ्या बाटलीपासून. अर्ध्या लिटरची अरुंद आणि दोन लिटरची रुंद अशा दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, तर कोणत्या बाटलीत पाण्याची पातळी जास्त चढेल? काही मुले रुंद म्हणतात, कारण तिचे तोंड मोठे, पाणी जास्त येणार. काही अरुंद म्हणतात, कारण अरुंद भांडे लवकर भरते. दोन्ही कारणे बिनचूक आहेत आणि दोन्ही उत्तरे चूक. दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्यांवर जवळपास सारखाच आकडा दिसतो. रुंद बाटलीत पाणी जास्त येते हे खरे, पण ते पसरतेही जास्त जागेवर. पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये का सांगतात, हे कोडे इथे सुटते.

पुढची पायरी गणिताची. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर ५० चौरस मीटर धरले आणि वर्षाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटर, तर एकट्या छपरावर सव्वा लाख लिटर पाणी पडते. पंधरा लिटरचा हंडा धरला तर हे आठ हजारांहून अधिक हंडे होतात. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढलेल्या मुलीला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि मग ती जो प्रश्न विचारते तो पुस्तकात नसतो : एवढे पाणी जाते कुठे?

त्यासाठी पुन्हा तीन बाटल्या, या वेळी उभ्या कापून आडव्या ठेवलेल्या. एकीत नुसती माती, दुसरीत तीच माती आणि वर पालापाचोळा, तिसरीत तीच माती पण आठ-पंधरा दिवस आधी पेरून गवत किंवा धान्य उगवलेली. तिन्हींना सारखा उतार, तोंडाखाली एकेक पेला. झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीतून तिन्हींवर सारखेच पाणी शिंपडायचे. नुसत्या मातीखालच्या पेल्यात पाणी पटकन आणि गढूळ येते. गवताच्या पेल्यात ते सावकाश, कमी आणि बरेच स्वच्छ उतरते. निदान तसे अपेक्षित असते. प्रत्यक्षात कधी गवताच्या बाटलीतूनच जास्त पाणी येते. अशा वेळी ‘प्रयोग फसला’ म्हणून साहित्य आवरले, की तासातला सर्वांत मोलाचा क्षण वाया जातो. माती आधीच भिजलेली होती का? पाणी जास्त उंचीवरून टाकले का? बाटलीचा उतार जास्त होता का? तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट वेगळी आणि बाकी सारे सारखे ठेवायचे, हा नियम मुलाला अशा फसलेल्या प्रयोगातून जितका पक्का समजतो तितका व्याख्येतून समजत नाही.

बाटलीतला निष्कर्ष डोंगराला जसाच्या तसा लावता येत नाही, हेही सांगावे लागते. जव्हार-मोखाड्यात मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ आहे आणि खाली दख्खनचा काळा बेसाल्ट खडक. पाणी साठते ते मुख्यतः त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या मुरमात. उतार तीव्र असल्याने बाकीचे ओढ्या-नाल्यांतून वाहून जाते. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्याच्या हद्दीत आहे, ही बाबही या तासाला येणारच. ती टाळण्याचे कारण नाही. पाऊस थांबल्यावर विहिरीची पातळी आठवड्यातून एकदा, मोठ्या माणसाच्या हाताने, गाठी मारलेल्या दोरीला दगड बांधून मोजली आणि भिंतीवर आलेख काढत गेले, तर पाणी नक्की कोणत्या महिन्यात झपाट्याने खाली जाते हे वर्गाला दिसते.

साहित्य कुठून आणायचे?

महागडे संच आणि चकचकीत प्रयोगशाळा यांची मागणी शहरी सवयीतून येते. जुन्या मुंबई आयआयटीच्या नव्हे, तर कानपूर आयआयटीच्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे आकार उभे केले, त्याला आता चार दशके होऊन गेली. पुण्यातील ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून घडवलेली त्यांची शेकडो खेळणी याच विचाराची.

जव्हार-मोखाड्यात तर साहित्याचा प्रश्न आणखीच सोपा आहे. जड वस्तू बुडते आणि हलकी तरंगते, असे बहुतेक मुलांना वाटते. खिळा बुडतो, पण त्याहून जड स्टीलची वाटी तरंगते. वाळलेला भोपळा तर पोहायला शिकणाऱ्या माणसालाही तोलून धरतो. ‘जड’ म्हणजे नक्की काय, या वादाला इतके पुरते.

ध्वनीचा पाठ तर इथे दारातच आहे. जव्हारजवळच्या वाळवंडे येथील भिकल्या धिंडा यांच्यासारख्या वादकांमुळे ज्याचे नाव दूरवर गेले, तो तारपा दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडपानांचा बनतो. फुंकर एकच असते, मग सूर का बदलतो? नळीवरची भोके उघडली-मिटली की कंप पावणाऱ्या हवेच्या स्तंभाची लांबी बदलते. हे वाक्य सांगण्याआधी वेगवेगळ्या लांबीच्या बांबूच्या नळ्या किंवा पपईच्या पानांचे पोकळ देठ फुंकून पाहता येतात. आंब्याची कोय घासून पिपाणी करणाऱ्या मुलाला ध्वनी कंपनातून निर्माण होतो हे ओठांना होणाऱ्या गुदगुल्यांवरून आधीच माहीत असते. त्याला फक्त ते विज्ञान आहे हे कोणी सांगितलेले नसते.

शेतीतले उदाहरण याहून मोलाचे. भात आणि नागलीचे रोप टाकण्यापूर्वी जमिनीवर पाला, फांद्या, शेण पसरून जाळण्याची ‘राब’ ही पद्धत इथल्या घराघरांत ठाऊक आहे. राब का भाजायचा? घरातले लोक तण मरते म्हणतील, राख मिळते म्हणतील, पूर्वापार करतात म्हणून करतो असेही म्हणतील. शाळेच्या अंगणात दोन हात लांबीचे दोन वाफे, एक मोठ्यांच्या देखरेखीखाली भाजलेला, दुसरा तसाच. बियाणे, पाणी आणि माती सारखी. किती रोपे, किती तण, किती उंची, एवढे तीन आठवडे मोजायचे. या प्रयोगात घरच्या अनुभवाची खिल्ली नाही आणि त्याच्यापुढे डोळे मिटून मान तुकवणेही नाही. आजोबांचे म्हणणे तपासून पाहण्याजोगे आहे, हा त्या म्हणण्याचा मानच आहे.

हा विचार नवा आहे का?

अजिबात नाही, आणि त्याची एक महत्त्वाची पायवाट याच जिल्ह्यातून जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेले काम १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, पाने, खडे यांतून त्यांनी शिक्षण साहित्य उभे केले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची म्हणून ‘कुरणशाळा’ काढल्या. तो प्रयोग प्रामुख्याने लहान मुलांचा होता, पण परिसर हेच साहित्य हे सूत्र तिथेच पक्के झाले.

विज्ञानाच्या बाबतीत देशातला सर्वांत मोठा प्रयोग मध्य प्रदेशात झाला. ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे ‘फ्रेंड्स रुरल सेंटर’ या संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद (आताचा नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्यात होते. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो पुढे नेला. पुस्तकात तयार उत्तरे नव्हती. परीक्षेत पुस्तक उघडून लिहिण्याची मुभा होती आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा होती. शिक्षकांच्या नियमित बैठका होत आणि मुलांच्या पत्रांना ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राच्या नावाने उत्तरे जात. सुमारे तीन दशके चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. राज्यातील इतर मुलांपेक्षा इथल्या मुलांना वेगळे पुस्तक कशाला, हा त्यामागचा एक युक्तिवाद होता. प्रयोग शाळेत फसला नव्हता. तो व्यवस्थेच्या साच्यात बसत नव्हता.

फ्रान्समध्ये नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शारपाक यांनी १९९६ मध्ये प्राथमिक शाळांसाठी असाच उपक्रम सुरू केला आणि तो इतर अनेक देशांत पोहोचला.

मुलेच शोधणार, मग शिक्षक कशाला?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला शास्त्रीय आधारही आहे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या गाजलेल्या शोधनिबंधात, मार्गदर्शन न करता मुलांना सोडून दिले तर नवशिक्या मुलांचे नुकसानच होते, असे मांडले. मानवजातीला जे समजायला शतके लागली ते मुलाने चाळीस मिनिटांत आपले आपण शोधावे, ही अपेक्षाच चुकीची. त्यामुळे आज शोध म्हणजे शिक्षकाने हात बांधून बसणे, असे कोणी जाणता माणूस म्हणत नाही. प्रश्न निवडणे, कसोटी घडवायला मदत करणे, मोजमापाची पद्धत थेट शिकवणे आणि योग्य वेळी शब्द देणे हे शिक्षकाचेच काम. फक्त निष्कर्ष तो घाईने सांगत नाही.

यात सर्वांत कठीण वाक्य आहे, ‘मलाही माहीत नाही, पाहू या’. ते म्हणायला विषयावर पकड लागते. दोन दिवसांच्या प्रशिक्षणातून ती येत नाही. होशंगाबादेत शिक्षक वर्षानुवर्षे एकमेकांना भेटत राहिले, म्हणून ती आली.

भाषेचे काय?

जव्हार आणि मोखाड्यात दहापैकी नऊ लोक आदिवासी आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा समाजांतील मुलांच्या घरची बोली पुस्तकी मराठीपेक्षा वेगळी असते. ‘बाष्पीभवन’, ‘विद्राव्य’, ‘संपृक्त’ हे शब्द पुण्यातल्या मुलालाही परके, मग इथे तर ती दुसरी भाषाच. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने स्थापनेनंतर थोड्याच काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम सुरू केले. केंद्राचे संस्थापक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तकाची भाषा हाच विज्ञान समजण्यातला मोठा अडथळा असल्याचे तेव्हापासून मांडले.

हाताने करण्याचा फायदा इथे स्पष्ट दिसतो. वस्तू समोर असली की मूल बोट दाखवून, बोलीतल्या शब्दांत वाद घालू शकते. ओली चादर सावलीत आणि उन्हात वाळत घालून वेळ मोजून झाल्यावर ‘बाष्पीभवन’ हा शब्द दिला, तर तो आधीच कळलेल्या गोष्टीचे नाव होतो. वर्गात बोलीला मज्जाव केला, तर मात्र अंदाज आणि वाद हे दोन्ही टप्पे गळून पडतात. ज्याला बोलताच येत नाही तो अंदाज काय सांगणार?

खरी अडचण कोणती?

वेळ. दिवाळीनंतर या तालुक्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामासाठी भिवंडी, वसई आणि आणखी लांब जातात. मुले सोबत जातात. ती थांबावीत म्हणून हंगामी वसतिगृहे आणि गेलेल्यांना नव्या ठिकाणी शाळा मिळावी म्हणून शिक्षण हमी पत्रक अशा सरकारी योजना आहेत. तरीही शोधून शिकण्याला सलग वेळ लागतो आणि तोच तुटतो. विहिरीच्या पातळीचा आलेख नोव्हेंबरात सुरू करणारे मूल फेब्रुवारीत वर्गात नसते. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो तेव्हा ज्यांच्या घरी पाणीटंचाई सर्वाधिक, त्यातलीच अनेक मुले भट्टीवर असतात. वीटभट्टी हीच त्यांची प्रयोगशाळा, असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. तो टाळलेला बरा.

म्हणून वेळापत्रक उलटे लावणे हा एक मार्ग आहे. पाणी, माती, बीज, कीटक, बेडूक-खेकडे, राब, ढग हे सारे जून ते ऑक्टोबरमध्ये करायचे, पुस्तकातला धडा कितवा आहे हे न पाहता. पाऊस, चिखल आणि ओलसर वर्गखोल्या यांमुळे हे महिने शाळेला अडचणीचे वाटतात. विज्ञानासाठी मात्र तेच सुगीचे.

दुसरी अडचण शिक्षकसंख्येची. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता, त्यात पोषण आहार, माहिती भरणे, सर्वेक्षणे. पण बहुवर्ग शाळेत एक सोयही आहे. पाऊस मोजायला इयत्ता लागत नाही. दुसरीचे मूल पट्टी वाचेल, चौथीचे बेरीज करेल, पाचवीचे आलेख काढेल. निवासी आश्रमशाळांत तर संध्याकाळ आणि रात्रही हाताशी असते. चंद्राच्या कला महिनाभर रोज पाहून काढण्याचा प्रयोग दिवसाच्या शाळेला जमत नाही, आश्रमशाळेला जमू शकतो.

परीक्षेत याला जागा आहे का?

कागदावर पुरेपूर आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ कृती, शोध आणि अन्वेषणातून शिकण्याचा आणि शक्य तिथे मातृभाषेतून शिकवण्याचा स्पष्ट उल्लेख करते. राज्यात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनतंत्रांत ‘प्रात्यक्षिक किंवा प्रयोग’ हे एक आहे. पण नोंदवहीतला शेरा सहज लिहिता येतो, आणि अखेर वजन पडते ते लेखी प्रश्नपत्रिकेवर. तिथे ‘पर्जन्यमापक म्हणजे काय?’ असे विचारले जात असेल, तर शहाणा शिक्षक व्याख्याच पाठ करून घेणार. त्याला दोष देता येत नाही.

त्याऐवजी प्रश्न असाही असू शकतो : एकाच शाळेच्या आवारात ठेवलेल्या दोन पर्जन्यमापकांत एका सकाळी ४२ आणि १९ मिलिमीटर पाणी आढळले. एक मोकळ्या मैदानात होता, दुसरा मोहाच्या झाडाजवळ. १९ मिलिमीटरचा कोणता असेल, आणि ते खात्रीने ठरवण्यासाठी दुसऱ्या दिवशी काय कराल? याचे उत्तर पाचवीचे मूल दोन ओळींत लिहू शकते, बाटली स्वतः ठेवलेली असेल तर.